बटन नसलेली टोपी

साहेब कुणाच्याही डोक्यावरची टोपी न विचारता काढायचे. काढायची, उलटी करायची, आतली शिवण नखाने ताणून बघायची, एकदा वास घ्यायचा आणि मग ज्याची टोपी त्याच्याकडे मान वर करून म्हणायचं, "आदी हे हाय काय, ते सांग."

आमच्या भागात माणसाच्या डोक्यावरची टोपी काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एवढ्यावरून भावकीत डोकी फुटलेली आहेत. एका लग्नात साहेबांनी नवरीच्या मामाची टोपी अशीच उचलली. मामा हातातली जिलेबी टाकून पंगतीतून उठला. साहेबांचं लक्षच नव्हतं. "सुती हाय. मागावरची. अस्तर न्हाई," असं म्हणून त्यांनी टोपी परत मामाच्या डोक्यावर बसवली, जरा डावीकडे सरळ केली आणि शेजारच्या माणसाकडे वळले. मारावं की आभार मानावेत हे मामाला कळेना. शेवटी तो खाली बसला आणि त्यानं दुसरी जिलेबी मागवली.

त्यांचं नाव मी सांगत नाही. गेवराईत तरी ते कुणी घेतलं? सगळे 'कष्टम साहेब' म्हणायचे. मूळचे तेलगावकडच्या एका खेड्यातले, सगळी नोकरी मुंबईच्या बंदरावर, कस्टममध्ये. निवृत्त झाल्यावर गेवराईत दोन खोल्या बांधल्या. आल्या आल्या त्यांनी गावाला सांगितलं, की मी अप्रेझर होतो. म्हणजे परदेशातून आलेला माल कुठल्या नावाखाली बसतो आणि त्यावर किती शुल्क लागतं, ते ठरवणारा माणूस. पुढं त्यांच्याच बरोबरीचा एक जण भेटला, तेव्हा कळलं की साहेब ठरवणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहून पेट्या उघडून द्यायचे. मी हे कधी त्यांना ऐकवलं नाही. एकदा नुसता विषय काढला, तर म्हणाले, "ठरवणारा कागद बगतो. पेटी उघडणारा माल बगतो. कुणाला जास्त कळंल?"

माझं गेवराईत जीएसटीची विवरणपत्रं भरायचं ऑफिस आहे, खताच्या दुकानाच्या वर. मी कुलूप उघडायच्या आधी साहेब जिन्यात उभे असायचे. पंख्याखालची खुर्ची त्यांची. मांडीवर टॅरिफचं जाडजूड जुनं पुस्तक, खताच्या पिशवीत गुंडाळलेलं. जगातली प्रत्येक वस्तू त्या पुस्तकात कुठल्या ना कुठल्या चॅप्टरमध्ये असते, अशी त्यांची खात्री होती.

"साहेब, ह्यातले दर कधीच बदलले. आता फोनवर दिसतं सगळं," मी म्हणायचो.

"दर बदलतेत. वस्तू बदलत न्हाई."

टोपी हा त्यांचा खास विषय. चॅप्टर पासष्ट. माझ्याकडे कुणी सहीसाठी आला, की साहेब त्याला धरायचे. "सदरा मागावरच्या कापडाचा आसंल तर त्याचं घर वेगळं, सुयांवर विणलेला आसंल तर वेगळं. पर टोपीत दोगी एकाच घरात नांदतेत. कावून?" आलेला माणूस कापसाचा व्यापारी असायचा, त्याला सहीची घाई असायची. तो म्हणायचा, "कावून?" साहेब समाधानानं म्हणायचे, "कायदाच तसा हाय." एवढं ऐकायला तो अर्धा तास थांबलेला असायचा. मराठीवरही त्यांचा राग होता. मागावर विणतात तेही विणणं आणि सुयांवर विणतात तेही विणणंच, असल्या भाषेत कस्टम कसं चालवायचं, असं ते विचारायचे.

घरी याहून वाईट. काकूंनी एकदा गरम धपाटं ताटात वाढलं. साहेबांनी ते उचलून उजेडाकडे धरलं.

"हे भाकरीत धरायचं का पोळीत?"

"पोटात धरा," काकू म्हणाल्या.

अशा माणसाची आपण टिंगल करतो. मीही करायचो, मनापासून करायचो. साहेब खाली उतरले की खतवाला आणि मी त्यांची नक्कल करायचो. खतवाल्याला ती माझ्यापेक्षा चांगली जमायची.

आमच्या तालुक्यात एक पुढारी आहेत. सगळे त्यांना मालक म्हणतात, तेव्हा आपणही मालकच म्हणू. शाळा त्यांच्या, ट्रॅक्टर त्यांचे, आणि निवडणूक जवळ आली की माणसंही त्यांची. त्या वर्षी मालकांनी तेलगाव रस्त्याला पत्र्याचं एक शेड उभारलं. आत शिलाई मशिनी मांडल्या. बाहेर फलक लावला: 'आपला कापूस, आपल्या बाया, आपली टोपी'. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना गावातच काम मिळणार आणि बीडच्या कापसाची टोपी बीडच्या डोक्यावर बसणार, असं भाषणात सांगितलं गेलं. सरकारी योजनेतलं अनुदान मंजूर झालं. शेडचे कागद मीच केले. हे आधीच सांगून टाकतो, पुढं माझ्याविषयी फार चांगलं मत करून घेऊ नका.

टोप्या परदेशातून यायच्या. पूर्ण शिवलेल्या, पुढं टोक असलेल्या, क्रिकेटवाले घालतात तशा सुती. फक्त माथ्यावरचं ते छोटं कापडी बटन तेवढं लावलेलं नसायचं. बटनं वेगळ्या पुड्यात यायची. आमच्या बायांनी बटन लावायचं की झाली आपली टोपी. कागदावर 'टोप्या' असं आलं असतं, तर शेडमध्ये बाया काय करतात असा प्रश्न कुणीतरी विचारला असता. म्हणून कागदावर लिहिलं होतं, 'टोपीचे अपूर्ण सुटे भाग'.

पहिल्या थोड्या पेट्या आल्या आणि सुटल्या. मग आला मोठा कंटेनर, तो बंदरावर अडकला. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हे सुटे भाग कसे?

तेव्हा मालकांचे मेहुणे माझ्या ऑफिसात आले. त्यांनी खिशातून एक टोपी काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू सासरहून लेक आली.

त्यांनी टोपी उलटी केली. शिवण ताणली. मागचा पट्टा ओढला, सोडला. वास घेतला.

"आदी हे हाय काय?"

"कच्चा माल हाय, साहेब," मेहुणे म्हणाले. "बगा ना, बटन न्हाई. तुमी निवृत्त अधिकारी. तुमचं एक पत्र लागतंय, की ही टोपी न्हाई, टोपीचा भाग हाय."

साहेब हसायला लागले. "आवो, नवरदेवाच्या मुंडावळ्या काढल्या म्हणून त्यो कुंवारा व्हतो का? नियमच हाय. अपुरी वस्तू पुऱ्या वस्तूसारखी दिसाया लागली, की ती पुरीच धरायची. ही टोपी हाय."

"तुमी नुसतं पत्र द्या."

"टोपीला टोपी न्हाई म्हणू?"

मेहुणे उठले. टोपी परत खिशात घातली. दारात थांबून अगदी मायेनं म्हणाले, "साहेब, तुमचा मुलगा आपल्याच शाळंवर हाय, न्हाई का?"

आठ दिवसांत मुलाच्या बदलीचं पत्र आलं. घाटनांदूर. मालकांच्या संस्थेची तिथं शाळा आहे. जिल्ह्याचं हे टोक आणि ते टोक. सून गरोदर, पहिली मुलगी बालवाडीत. साहेब मात्र मला समजावून सांगत होते. "बदली ही शिक्षेत येत न्हाई. ती सेवाशर्तीत येते." मी मान हलवली. त्या दिवशी नक्कल करायला काही उरलं नव्हतं, खरा माणूसच आपली नक्कल करत होता.

एका रविवारी मुलगा माझ्या ऑफिसात आला. बापाशी घरी बोलता येत नसावं, म्हणून इथं गाठलं. खुर्चीवरही बसला नाही.

"अप्पा, जन्मभर तुमी लोकांच्या पेट्या उघडल्या. आता मपली उघडून बगा. तिकडं एक खोली, एक गॅस, एक बाज. हिचे दिवस भरत आलेत अन् मी तिकडं खिचडी करून खायलोय. एका बटनापायी!"

"बटनाचा प्रश्न न्हाई, बाळा."

"मग कशाचा हाय?"

साहेबांनी पुस्तकाच्या पिशवीची गाठ सोडली, बांधली, परत सोडली. मुलगा तेवढ्यात जिना उतरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते खुर्चीवर न बसता माझ्या टेबलाशी उभे राहिले. "टाईप कर," म्हणाले. त्यांनी इंग्रजीत पत्र सांगितलं. सदर वस्तूंची मी तपासणी केली असून त्या टोप्या नसून टोप्यांचे अपूर्ण भाग आहेत. मी टाईप केलं. छापून आल्यावर त्यांनी ते तीनदा वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता तो घालायला लावला, परत छापून घेतलं. मग सही केली आणि खाली 'निवृत्त अप्रेझर' असं स्वतःच्या हातानं लिहिलं.

"पत्र खोटंच हाय, तर हुद्दा बी राहू दे," एवढंच बोलले. हसले नाहीत.

बदली चार दिवसांत रद्द झाली. मालकांचं काम चोख असतं.

शेडवर कार्यक्रम ठेवला होता. बायांना ओळखपत्रं आणि साहेबांचा सत्कार. साहेब यायला तयार नव्हते. मेहुण्यांनी गाडी पाठवली. निवेदकानं माईकवर मोठ्यानं सांगितलं, "आता मालकांच्या शुभहस्ते साहेबांना टोपी घालण्यात येईल." मांडवात हशा उठला. निवेदकाला तो का उठला ते कळलं नाही, त्यानं वाक्य परत म्हटलं. मालकांनी स्वतः साहेबांच्या डोक्यावर टोपी बसवली. फोटो काढले. टोपी मोठी होती, ती कानांवर आली. त्या फोटोत साहेबांचं नाक आणि हसू एवढंच दिसतं.

चहाच्या वेळी एक बाई त्यांच्याजवळ आली. कौसाबाई नाव. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, त्या वर्षी शेडच्या भरवशावर मागं थांबली होती. हातात टोपी, सुईत दोरा तसाच.

"साहेब, तुमी मोठे अधिकारी. एक इचारू का? ही टोपी आमची हाय, आसं आमाला बोलायला लावायलेत. उद्या टीव्हीवाले येणारेत. बटन लावल्यावर ती आमची व्हती का?"

साहेबांनी तिच्या हातातली टोपी घेतली नाही. नुसतं बघितलं. "न्हाई, बाई," म्हणाले.

"मग तसं सांगू का?"

"नगं सांगू."

कौसाबाई जागेवर जाऊन पुढचं बटन लावायला लागली. तिला काही वाटलं नसावं. तिला बरं-वाईट वाटायला एवढा वेळ कुठं होता? साहेबांनी कप तसाच ठेवला आणि गाडीची वाट न बघता रस्त्याला लागले. मी मागून मोटारसायकल नेली. गावापर्यंत ते माझ्या मागं बसून आले. उतरताना म्हणाले, "मी उद्या बंदरावर जाऊन येतो. मपलं पत्र परत मागतो."

"साहेब, मुलगा आत्ता कुठं घरी आलाय."

"व्हय. आलाय," ते म्हणाले आणि घरात गेले.

सकाळच्या एसटीनं ते गेले. दुपारी मेहुणे कसल्याशा सहीसाठी माझ्याकडं आले. खुर्ची रिकामी बघून सहज विचारलं, "आज साहेब कुठं?"

"मुंबईला गेलेत," मी म्हणालो.

मला दुसरं काहीही सांगता आलं असतं. दवाखान्यात गेलेत, तेलगावला गेलेत, झोपलेत. माझ्या तोंडून खरं निघालं. आयुष्यात इतकं पटकन खरं मी एरवी कधी बोललेलो नाही. मेहुण्यांनी सही घेतली, चहा घेतला आणि जिन्यातच फोन कानाला लावला.

तिसऱ्या दिवशी साहेब परत आले. मला वाटलं होतं थकलेले असतील. ते गोंधळलेले होते. बंदरावरची अधिकारी एक तरुण मुलगी होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, फाईल मागवली. साहेबांनी सांगितलं, की माझं पत्र खोटं आहे, ते रद्द करा, हे घ्या नवीन. मुलीनं फाईल शेवटपर्यंत चाळली.

साहेब सांगायला लागले, "मनली, काका, तुमचं पत्र आमी बगितलंच न्हाई. पहिल्याच दिवशी टोपी हातात घेतली तवाच आमाला कळलं, ही तयार टोपी हाय. तसा निकाल बी लिवून झालाय."

"मग तुमचं पत्र?" मी विचारलं.

"सगळ्यात खाली व्हतं. टाचणी बी न्हाई." साहेब खुर्चीत बसले. "मपल्या खोट्यानं काई झालं न्हाई अन् खऱ्यानं बी काई झालं न्हाई."

मग जरा अभिमानानंच म्हणाले, "पोरगी हुशार हाय पर. तिनं माल बगितला."

पण हे गेवराईला कोण सांगणार? गावाला एवढंच कळलं, की कष्टम साहेब बंदरावर गेले आणि लगेच कंटेनर जप्त झाला. दोन आणि दोन चार. मालकांनी भाषणात नाव न घेता सांगितलं, की आपल्यातल्याच एकानं आपल्या बायांच्या तोंडचा घास काढला. शेडला कुलूप लागलं. अनुदानाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, मला तर माहीतच होतं.

बाया साहेबांच्या दारात आल्या. मी तिथंच होतो. पुढं कौसाबाई.

"तुमचं खरं तुमच्यापाशी ठिवायचं व्हतं की, साहेब! आता ऊसतोडीच्या टोळ्या बी निघून गेल्या. आमी कुठं जावं?"

साहेब ओट्यावर उभे होते. त्यांच्याकडं सांगण्यासारखं खूप होतं: निकाल आधीच लिहिलेला होता, पत्र सगळ्यात खाली होतं, टाचणीसुद्धा नव्हती. "चुकलं," ते म्हणाले. काय चुकलं ते सांगितलं नाही. काकूंनी आतून तांब्या आणून सगळ्या बायांना पाणी दिलं. बायांनी पाणी पिऊन आणखी थोड्या शिव्या दिल्या आणि उन्हातून परत गेल्या.

मुलाची बदली पुन्हा घाटनांदूरलाच झाली. या वेळी रद्द होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून घरच हलवायचं ठरलं. मुलगा बापाशी बोलत नव्हता, पण बापाला मागं ठेवायलाही तयार नव्हता. आमच्याकडं राग असाच असतो, बरोबर घेऊन जातात. खतवाला म्हणाला, "बरं झालं, जिना मोकळा झाला." मी हसलो. हसायची सवय असते.

मालकांनी सुरतेहून दुसऱ्या टोप्या मागवल्या. बटनासकट. त्या तालुकाभर वाटल्या आणि मालक निवडून आले.

साहेबांचं सामान निघालं तो नेमका निकालाचा दिवस. टेम्पोत कपाट, गॅस, गाद्या, बाज, काकूंची तुळस. काकू, सून आणि नातवंडं पुढं बसली होती. धाकटं दीड महिन्याचं. मुलगा मोटारसायकलवर. साहेब मागं गाद्यांवर. मी निरोप द्यायला चौकापर्यंत गेलो होतो, आणि तेवढ्यात समोरून मिरवणूक आली. टेम्पो कडेला थांबवावा लागला. डीजे, फटाके, टोप्याच टोप्या. गुलाल असा उडत होता की समोरचं दिसेना. गाद्यांवर गुलाल बसला, कपाटाच्या आरशावर बसला. नाचणाऱ्यांपैकी एकानं टेम्पोच्या फाळक्यावर पाय देऊन साहेबांच्या दोन्ही गालांना गुलाल फासला आणि "मालकांचा विजय असो!" म्हणून खाली उडी मारली. त्यानं त्यांना ओळखलंही नव्हतं. साहेब पंच्यानं आधी आरसा पुसत होते.

मग मालकांची उघडी जीप आली. मालक दोन्ही हात जोडून उभे. माझ्यासमोर आल्यावर जीप जराशी हळू झाली. मालकांनी माझ्याकडं बघितलं, हसले, मान हलवली.

मी हात जोडले. कमरेत वाकूनच जोडले.

जीप पुढं गेली, तेव्हा मी सरळ झालो आणि टेम्पोकडं वळून बघितलं. साहेबांचा हात आरशावर थांबला होता. लाल तोंडानं ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नाही. टोपी हातात घेऊन बघायचे, तसं. टेम्पो हलला तरी बघत होते.